पिवळ्या मंडपातली कावीळ

वरसे गावाबाहेरच्या माळावर दर गुरुवारी रांग लागायची. त्या रांगेत उभ्या माणसांपेक्षा आडव्या माणसांचा मान मोठा होता. आडवी माणसं म्हणजे पाच दिवसांची, आठ दिवसांची, कुणी फार तर बारा दिवसांची. कुंची बांधलेली, दुपट्यात गुंडाळलेली, काही रडणारी, काही रडण्याचंही त्राण नसलेली. त्यांच्यामागे कानाला रुमाल बांधलेल्या आया, त्यांच्यामागे सासवा, आणि सगळ्यात मागे कंपनीतली शिफ्ट बदलून आलेले बाप. सकाळी नऊला सुरू झालेली रांग अकरापर्यंत रोह्याच्या रस्त्याला टेकायची.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला पीतांबरबाबांचा मंडप होता. वर पिवळं कापड, चारी बाजूंना पिवळी कनात, आणि भर दिवसा आत पिवळे दिवे. बाबांचं मूळ नाव महिपती. बाबा होण्याआधी हा गृहस्थ लग्नाचे मंडप घालायचा. कुठल्या कापडाखाली नवरी गोरी दिसते आणि कुठल्या दिव्याखाली कालचा भात ताजा दिसतो, हे त्याला पाठ होतं. पुढे लोकांची लग्नं सभागृहात लागू लागली, आणि महिपतीला एक दिवस साक्षात्कार झाला. कापड वाया गेलं नाही.

चमत्कार मात्र बघण्यासारखा होता. बाबांचा चेला पोपट हातात गडू घेऊन रांगेतून फिरे आणि प्रत्येक बाळाच्या हातापायांना तीर्थ चोळी. ते वाळेपर्यंत बाळाची पाळी येई. बाबा बाळाला मांडीवर घेत आणि समोरच्या पितळी परातीतल्या नितळ पाण्यात त्याचे हातपाय धूत. बघता बघता पाणी पिवळं होई, अगदी लग्नातल्या हळदीच्या पाण्यासारखं. मग बाबा बाळाला दोन्ही हातांनी उंच धरत. बाहेर पिवळं दिसलेलं पोर आत चांगलं उजळ दिसे. बायका पदराने डोळे पुसत आणि पोपट परात उपडी करायला मंडपामागे जाई.

यासोबत बाबांचं बोलणं चालूच असे.

“कावीळ ही सात बहिणींतली धाकटी,” ते सांगत. “थोरल्या सहाजणी औषधाला भितात, ही नाय भीत. लाडाची हाय. हिला उतरवायची तर हिच्याच रंगात जाऊन उतरवावी लागते, म्हणून इथं सगळं पिवळं. डॉक्टर काय करतो? पोराला निळ्या उजेडात टाकतो. शंकराचा गळा निळा कशानं झाला?”

“विषानं,” रांग उत्तर देई.

“मग?” बाबा विचारत.

या ‘मग’वर रांग मान डोलावी. शंकराला विष पचलं होतं, बाबांना शंकर पचला होता.

मंडपाच्या दाराशी पाटी होती: ‘आत पांढरे वस्त्र नेऊ नये.’ पांढरं म्हणजे सुतकाचं, आणि बाळाला त्याची सावली नको, असं पोपट समजावून सांगे. टोप्या, रुमाल, पंचे, झबली, जे जे पांढरं ते तो काढून घेई आणि दाराबाहेर ढीग रची. जाताना ज्याचं त्याला परत. बाळाला मात्र पुढचे नऊ दिवस पिवळ्या फडक्यात आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, ट्यूबलाइट लावायची नाही, एवढं पथ्य.

त्या गुरुवारी फरझाना रांगेच्या शेवटी उभी होती. वय चव्वेचाळीस, पेणच्या बाजारामागच्या मुलांच्या दवाखान्यात वीस वर्षं सिस्टर, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं काचेच्या खोलीत. काचेची खोली म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांची खोली. किलोभराची, सव्वा किलोची पोरं तिथे पेटीत ठेवतात, नाकाला नळी, पायाला तारा, आणि दर दोन तासांनी नळीतून मोजकं दूध. फरझानाने तिथे इतक्या पोरांना श्वास आठवून दिला होता की आता घरी दाराची कडी वाजली तरी तिला मशीनची घंटा वाटायची. आज तिची आठवड्याची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून एसटीने इतक्या लांब यायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती आली याचं कारण मागच्या वर्षी ती आली नव्हती.

मागच्या वर्षी असंच एक पोर दवाखान्यातून काढून बाबांकडे नेलं होतं. सहाव्या दिवशी ते परत आणलं तेव्हा ते धनुष्यासारखं मागे वाकत होतं आणि त्याचं रडणं माणसाचं वाटत नव्हतं. कावीळ मेंदूत उतरली होती. फरझानाने त्याला दोन रात्री हातात धरलं. आपण आधीच मागे का गेलो नाही, हा प्रश्न तिने तेव्हापासून कुणाला विचारला नव्हता, स्वतःला मात्र रोज विचारला होता.

या वेळचं पोर जोहे गावचं होतं. मुलगी, आठव्या महिन्यात झालेली, वजन तेराशे पन्नास ग्रॅम. आई दर्शना. बाप कमळाकर, डोलवीला कंत्राटावर कामाला. घरातला खरा शब्द मात्र आजीचा, हौसाचा. हौसा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. जोहे-हमरापूरकडे मूर्ती घडवणारे हात शेकड्याने आहेत, पण आखणीचा हात गावात दोन-चारच. हौसाच्या ब्रशाखालून गेल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नसे. “डोळं उघडलं की देव आला, तवर ती माती,” असं ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी पोर पिवळं पडलं. दिवस न भरलेल्या मुलाचं यकृत कच्चं असतं. रक्तातला पिवळा रंग त्याला बाहेर टाकता येत नाही, तो अंगात साठतो. त्यासाठी निळा दिवा. त्या उजेडाने साठलेला रंग कातडीतच फुटतो आणि लघवी-शीवाटे निघून जातो. दिव्याची तिरीप डोळ्यांना लागू नये म्हणून बाळाच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात. एवढी साधी गोष्ट. पण त्या दिवशी खोलीत तेरा पोरं आणि दोन सिस्टर होत्या, आणि ही साधी गोष्ट हौसाला सांगायची राहून गेली.

हौसाने काचेतून पाहिलं तर नात निळी पडलेली आणि डोळे बांधलेले. तिने उभ्या आयुष्यात हजारो डोळे उघडले होते, बांधलेले पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या हिशेबी डोळे झाकलेली मूर्ती म्हणजे जीव न आलेली माती. हे लोक पोरीत जीव येऊच देत नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टरांनी तास-दीड तास समजावलं. ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कमळाकरने आपल्या जबाबदारीवर नेत असल्याची सही केली आणि पोर घरी गेलं. बाबा भेटणार गुरुवारी, तोवर पोपटने फोनवर सांगितल्याप्रमाणे अंधारी खोली. फरझाना त्या दिवशी दुपारपाळीला आली तेव्हा पेटी रिकामी होती. कुठे गेले ते खोली पुसणाऱ्या विमलबाईने सांगितलं.

रांगेत जोह्याच्या त्या घराशिवाय फरझानाला ओळखीचं कुणी भेटणार नाही अशी तिची समजूत होती. पण पुढे तिच्याच मोहल्ल्यातली रशिदाआपा नातवाला घेऊन उभी. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघीही ओशाळल्या. आपा हळूच म्हणाली की मुलगा कतारला आहे, सून घाबरट आहे, आणि काविळीला कुठे जातपात असते. हे शेवटचं फरझानालाही मान्य होतं. तिने आपाला पोराचं वजन विचारलं, पाच मिनिटं त्याच्याकडे पाहिलं आणि इथून सरळ दवाखान्यात ये म्हणून सांगितलं. आपाने मान हलवली आणि रांगेतली जागा सोडली नाही.

फरझाना मात्र रांग मोडून पुढे गेली. दाराशी पोपटने तिची पांढरी ओढणी मागितली. तिने वाद घातला नाही. ओढणी ढिगावर टाकून ती आत शिरली, तर जोह्याचं पोर आधीच बाबांच्या मांडीवर होतं.

“गार पाण्यानं धुऊ नका तिला,” ती पुढे होत म्हणाली. पोपटने हात आडवा केला. तोवर ते काडीसारखे हातपाय परातीत गेले होते. पाणी पिवळं झालं. बाबांनी पोर उंच धरलं. कमळाकरने डोळे मिटून हात जोडले, दर्शना जमिनीला टेकली, हौसा तर रडतच होती. बाबांनी पोर हौसाच्या ओटीत घातलं आणि पुढच्याला हाक मारली.

फरझाना हौसाशेजारी बसली. पोराच्या तळव्याला हात लावला तर तळवा थंडगार. तिने गालाला बोट लावलं. एवढ्याने भुकेलं पोर तोंड वळवतं, याने पापणीही हलवली नाही. सकाळपासून दूध ओढत नाही, दर्शना पुटपुटली. मग फरझानाने दिवसातून शंभरदा करायची ती गोष्ट केली. अंगठ्याने बाळाचं कपाळ दाबलं, सोडलं, आणि दाबलेल्या जागी कातडी किती पिवळी दिसते ते पाहिलं.

ती पिवळी दिसत नव्हती.

फरझाना चपापली. तिने छाती दाबून पाहिली, पोट पाहिलं. दवाखान्यात छातीपर्यंत पिवळं असलेलं पोर इथे स्वच्छ होतं. क्षणभर तिला खरंच वाटलं की आपलंच काही चुकत असेल, वीस वर्षांत दमून दमून डोळेही गेले असतील. मग तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. तिचा हात, हौसाचा हात, बाळाचं कपाळ, बाबांची दाढी, सगळं एकाच रंगाचं होतं. म्हण अशी आहे की कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. इथे ज्याला झाली नव्हती त्याला सगळं पिवळं दाखवलं होतं, आणि पिवळ्यात पिवळं कुणाला दिसणार?

हे तिला कळलं, पण सांगायचं कसं ते कळेना. ती बोलली तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. आधी नाव विचारतील, नाव कळलं की कावीळ बाजूला राहील आणि भलतंच पिकेल. असल्या भांडणांनाही ती थकली होती. तिने हौसाकडे पाहिलं. हौसाच्या नखांच्या कडांना पांढरा रंग सुकून बसला होता. गणपतीच्या बुबुळांभोवतीचा पांढरा, घासूनही न जाणारा. या मंडपात तोही लोण्यासारखा पिवळसर दिसत होता.

“मावशी,” फरझाना हळू आवाजात म्हणाली, “एक विचारू? या उजेडात तुम्ही गणपतीचा अंगरंग कालवाल का?”

हौसाचं रडणं थांबलं. तिने मान वर करून छताच्या कापडाकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग आपल्या नखांकडे.

अंगरंग म्हणजे मूर्तीच्या अंगाचा रंग. दोन वर्षांपूर्वी जोह्याच्या कारखान्यावर मालकाने नवं पिवळं प्लास्टिक घातलं होतं. त्याखाली बसून पोरींनी चाळीस मूर्तींचा अंगरंग कालवला आणि लावला. आत बघावं तर मूर्ती गुलाबी, देखण्या. बाहेर अंगणात काढल्या तर चाळीसच्या चाळीस गणपती आजारी. सगळ्यांवर पुन्हा हात फिरवावा लागला होता. तेव्हापासून अंगरंग कालवायचा तो अंगणात, उघड्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून, असा हौसाचा दंडक होता. नव्या येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती हे पहिल्या दिवशी सांगायची. मातीच्या गणपतीसाठी जे तिला उमगलं होतं, ते नातीच्या बाबतीत तिला सुचलं नव्हतं. भीतीने माणसाचं हातचं कसब जातं ते असं.

हौसा उठली. दाराकडे न जाता तिने बाजूची कनात वर केली आणि पोर घेऊन थेट बाहेर उन्हात गेली. मागोमाग दर्शना, कमळाकर आणि फरझाना. काढून घेतलेल्या पांढऱ्या कपड्यांचा ढीग चार पावलांवर होता. हौसाने गुडघे टेकले, ढिगावरच्या एका पंच्यावर पोराला ठेवलं आणि पिवळं फडकं बाजूला केलं.

पोर कपाळापासून पायांच्या तळव्यांपर्यंत पिवळं होतं. पांढऱ्या कापडावर ते झेंडूसारखं दिसत होतं. दवाखान्यात छातीशी थांबलेली कावीळ टाचेपर्यंत आली होती. रांगेतल्या बायका वाकून बघू लागल्या. एकीने आपलं पोर आपल्या पांढऱ्या रुमालाशी धरून पाहिलं.

“मावशी, आता वेळ नाही,” फरझाना म्हणाली. “पावलापर्यंत गेली म्हणजे खूप झाली.” कमळाकर गाडी बघायला धावला. फरझानाने पोराचं अंग कोरडं केलं आणि त्याला दर्शनाच्या पोलक्याच्या आत, उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बसवलं आणि वरून आपली ओढणी गुंडाळली. रस्त्यावर याहून चांगली पेटी मिळत नाही.

एव्हाना बाबा बाहेर आले होते. उन्हात ते स्वतःही जरा वेगळेच दिसत होते. बारीक, घामेजलेले, साधारण पन्नाशीचे मंडपवाले.

“नियम मोडलात,” ते म्हणाले. “उतरलेली होती, तुम्ही पांढऱ्यावर ठेवून परत बोलावलीत. आणि ही बाई कोण? हिचं नाव काय?”

फरझानाने याच प्रश्नाची वाट पाहिली होती. पण उत्तर तिला द्यावं लागलं नाही. “माझ्या नातीला चार दिस जगवलं ती बाई,” हौसा म्हणाली. “नावाचं काय करायचं हाय तुमाला?”

मग ती मंडपात परत गेली. पोपट मागे मागे धावला, पण आखणी करणाऱ्या बाईच्या हातातून गडू काढून घेणं सोपं नसतं. तिने गडूतल्या तीर्थाचा वास घेतला. आयुष्य रंगात गेलेली बाई, तिला दोनदा वास घ्यावा लागला नाही. “आंब्याच्या सालीचा काढा हाय,” ती म्हणाली. परातीच्या ताज्या पाण्यात बोट बुडवून तिने जिभेला लावलं. “आनि ही चुन्याची निवळी.” तिने बाहेर येऊन सगळ्यांदेखत आपल्या सुरकुतलेल्या हाताला काढा चोळला, दोन फुंकरा मारून वाळवला आणि तिच्या हुकमावर पोपटनेच उचलून आणलेल्या परातीत बुडवला. बिचाऱ्याला कळलंच नव्हतं आपण कुणासाठी काय आणतोय. पाणी पिवळं झालं.

“मना साठ वर्सं झाली, कावीळ कधी झाली नाय,” हौसा म्हणाली. “मग ही कुनाची उतरली, महाराज?”

काही माणसं हसली. बाबा म्हणाले की देवाची परीक्षा बघू नये. हौसा म्हणाली की ती देवाची बघत नाही, पाण्याची बघते. आंब्याची साल आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग सुटतो, मग हात बाळाचा असो नाही तर म्हातारीचा. तोवर कमळाकर एक व्हॅन घेऊन आला.

इथे असं लिहावंसं वाटतं की रांग मोडली, मंडप पडला आणि बाबाची धिंड निघाली. तसं झालं नाही. निम्मी माणसं आपले पांढरे रुमाल घेऊन निघाली. रशिदाआपा नातवाला घेऊन त्याच व्हॅनमध्ये चढली. उरलेली निम्मी जागच्या जागी उभी राहिली आणि पुढे जागा झाली म्हणून दोन पावलं सरकली. फरझानाने मागच्या काचेतून ते पाहिलं. तिला राग आला नाही. दहातली आठ-नऊ पोरं पूर्ण दिवसांची असतात. त्यांची कावीळ आठ-दहा दिवसांत आपोआपच उतरते. आई अंगावर पाजत राहिली म्हणजे झालं. ती उतरते अंधाऱ्या खोलीत, आणि नाव होतं बाबाचं. अशी आठ घरं गावभर सांगत फिरतात. ज्या दहाव्या घरातलं पोर जातं, ते घर बोलत नाही.

दवाखान्यात पोचायला सव्वा तास लागला. रक्त तपासलं तेव्हा आकडा डॉक्टरांनी मोठ्याने वाचला नाही. पोराचं रक्त बदलावं लागलं. नाळेच्या शिरेतून थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, पुन्हा काढायचं, असं तासन् तास. सुट्टीवर असलेली फरझाना गाऊन चढवून पेटीशी उभी राहिली. नंतर वरून खालून निळे दिवे, डोळ्यांवर पट्टी. या वेळी पट्टी बांधण्याआधी तिने हौसाला आत बोलावलं, हात धुवायला लावले आणि कशासाठी बांधायची ते सांगितलं. सांगायला दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं आपण आधी का काढली नाहीत, हे तिला त्या दिवशी फार लागलं. ती तसं हौसाला बोललीही. हौसाने पट्टी स्वतःच्या हाताने नीट केली.

पोरगी वाचली. बाविसाव्या दिवशी घरी गेली. तीन महिन्यांनी मान धरू लागली. नजरही छान होती, कुणी हललं की डोळे मागोमाग फिरायचे. त्या डोळ्यांचं हौसा फार कौतुक करायची. पाचव्या महिन्यात कानांची तपासणी झाली.

कागद घेऊन हौसा एकटीच पोरीसह फरझानाकडे आली. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. कावीळ मेंदूकडे गेली की कानाची नस आधी धरते. यंत्र लावता येईल, ऑपरेशन करता येईल, शिकवता येईल, पण आपल्याआपण ऐकू येणार नाही. हौसाने हे ऐकून घेतलं होतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती डॉक्टरांना विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

“मंगळवारी नेली नसती तर?”

असल्या प्रश्नांना फरझानाकडे ठरलेली उत्तरं होती. नशीब, अल्लाची मर्जी, देवाची इच्छा, कुणी सांगावं. वीस वर्षं तिने ती समोरच्याचं तोंड बघून वाटली होती. आज तिला तेवढंही बळ नव्हतं, आणि हौसाला खोटं द्यावं असंही तिला वाटलं नाही.

“ऐकू आलं असतं, मावशी,” ती म्हणाली. “बहुतेक आलंच असतं.”

हौसा बराच वेळ नातीच्या कानाची पाळी चोळत बसली. दोघी रडल्या. मग फरझानाला बाहेरून बोलावणं आलं, कारण व्हरांड्यात नवा तंटा सुरू झाला होता. नागोठण्याकडची सीताबाई म्हणून एक आजी नातवाला घरी न्यायला बसली होती. सव्वा किलोचा नातू, चौथा दिवस, निळ्या दिव्याखाली. माणगावकडे कुणीतरी धाग्याने कावीळ उतरवतो म्हणे. सीताबाईचा मुलगा सही करायला तयार होता. डॉक्टर बोलून बोलून आत निघून गेले होते. सहीचा कागद द्यायचं काम फरझानाचं. तिने कागद काढला आणि तो हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

हौसा नातीला घेऊन सीताबाईच्या बाकावर जाऊन बसली. दोघी एका वयाच्या. तिने दवाखान्याचा स्टीलचा ट्रे उचलला आणि पोरीच्या डोक्यामागे जोरात बाकावर आपटला. व्हरांड्यातली सगळी तान्ही पोरं दचकून रडू लागली. सीताबाई स्वतः दचकली. हौसाच्या मांडीवरची पोरगी मात्र आपली मूठ चोखत सीताबाईकडे बघून हसली.

“ही माझी नात,” हौसा म्हणाली. “हिला मी इथून नेली होती. चार दिसांची असताना, तुझ्यासारकीच हट्टानं. दोन दिस अंधारात ठेवली आनि बाबाच्या परातीत धुतली. आता हिला तिची आई हाक मारते ती पन ऐकू येत नाय. देव मानू नको असं मी नाय सांगत गो, माझं पोट देवावर चाललंय. पन पोर पिवळं दिसलं तर त्याला उघड्या उजेडात, पांढऱ्या कापडावर ठेवून बघायचं, आनि डॉक्टरकडं न्यायचं. पानी पिवळं झालं म्हनून पोर बरं होत नाय. कोनी काय दाखवलं, तर ते कसं केलं असं इचारायचं. मी नाय इचारलं. हितकंच माझं चुकलं.”

सीताबाईने त्या पोरीकडे पाहिलं, मग काचेतून निळ्या दिव्याखालच्या आपल्या नातवाकडे. तिने मुलाच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“त्याचे डोळे कशाला बांधलेत?” तिने फरझानाला विचारलं.

फरझानाने कागद खिशात घातला, सीताबाईला बेसिनपाशी नेलं आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला सांगितले. मग काचेचं दार उघडून तिला आत घेतलं आणि पेटीशी उभं करून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.